वर्लीनने बघितलं म्हणजे झालं

वर्लीन स्टेमीच्या नजरेला आमच्या डोंगरपायथ्याला कोर्टाच्या निकालाइतका मान होता. तिने उभा जन्म शाळेची पिवळी बस चालवली. एक डोळा दरीकडे, एक आरशात. मागच्या बाकावर कुणी कुणाच्या वेणीला च्युइंगम लावलं, ते तिला पुढे बसून दिसायचं. भांडण मुख्याध्यापकांकडे गेलं की ते एवढंच विचारायचे, "मिस वर्लीन काय म्हणतात?" आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात. ती पोरं बापे झाली, त्यांची पोटं सुटली, तरी चर्चच्या जेवणात वाद निघाला की कुणीतरी म्हणणारच, "वर्लीनने बघितलं म्हणजे झालं."

तिच्या नवऱ्याचं, हॉयटचं, नेमकं उलट झालं. तो फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि त्याची नजर मधोमध विझत गेली. कडेकडेचं दिसायचं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, तोंड नाही. "काही बिघडलं नाही," तो म्हणायचा, "निम्म्या गावाची तोंडं मी पुरेशी बघितली आहेत." फोर्क चाचपडत शोधायचा, पण तक्रार करायचा नाही. फक्त मोटारींच्या शर्यतीचं काय, हा प्रश्न होता. सोअरवुडच्या ट्रॅकवर तो चालायला लागल्यापासून जात होता. पोरंबाळं झाली नाहीत, त्याबद्दल तो कधी रडला नाही. पण एप्रिलातला शनिवार घरी बसून काढायचा म्हटल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की वर्लीन उठली आणि गाड्यांच्या आवाजात एकमेकांशी बोलता येईल असे, एकाच वायरीला जोडलेले दोन हेडफोन घेऊन आली.

तेव्हापासून ती त्याचे डोळे झाली. आणि काय डोळे! पत्र्याच्या बाकावर दोघं खांद्याला खांदा लावून बसायची आणि ती तोंडासमोरच्या माइकमध्ये शर्यत ओतायची. "रेक्स आत चिकटलाय बघ, आईच्या पदराला चिकटावा तसा. मागे निळी. निळीला घाई झालीय, नाक खुपसतेय. रेक्स म्हणतो, दार बंद आहे बाई, मागच्या दाराने ये." हॉयट डोळे मिटून हसायचा. "दिसत होतं तेव्हा एवढं दिसत नव्हतं," तो म्हणायचा.

रेक्स टॉलिव्हर हा त्यांचा माणूस. म्हणजे हॉयटचा, म्हणून दोघांचा. गावाबाहेर सायलेन्सर बदलून द्यायचं त्याचं दुकान, आणि लाल फोर्ड. आमच्याकडे माणूस चर्च बदलेल, एखादवेळी बायकोही बदलेल, पण ज्याच्यासाठी ओरडतो तो ड्रायव्हर बदलत नाही.

त्यांच्या शेजारी गार्लंड पुएट बसायचा, हॉयटचा शाळेपासूनचा दोस्त. गार्लंडचं बोलणं म्हणजे थंडीतला ट्रॅक्टर. आधी चारदा घुर्र, घुर्र, मग एकदम धूर. "पूर्वी… हं… पूर्वी ड्रायव्हरच्या नखांत ग्रीस असायचं. आता हातमोजा काढला की… हं… नवरी मुलगी! आणि हे काय, मधे मधे थांबवून शर्यतीचे तीन तुकडे! शर्यत आहे का… हं… पाय कापून द्यायची कोंबडी?" आजूबाजूची अर्धी बाकं रिकामी झाली होती. जे उरले ते त्याच्या प्रत्येक वाक्याला मान हलवायचे. वर्लीन सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणायची, "खरंय बाबा. पूर्वीची मजाच राहिली नाही."

तिने आवाज चढवण्याचं कारण होतं. तिला मजा येत होती. आयुष्यात आली नव्हती इतकी.

कारण होतं पोपटी रंगाची शेव्ही गाडी. त्यात ओहायोहून आलेला एक पोरगा, आडनाव कोवाल्चिक. ते आमच्यापैकी कुणालाच धड म्हणता येत नव्हतं. गार्लंड "कोवाल-वगैरे" म्हणायचा आणि हॉयट "तो ओहायोवाला", ते सुद्धा घशातली माशी थुंकावी तसं. पोरगा ट्रॅकवर आला की सगळी बाकं हुर्यो करायची. पण वळणावर ट्रॅक बशीच्या काठासारखा चढलेला; सगळ्या गाड्या खाली, आतल्या कडेला एकामागे एक लागायच्या आणि हा एकटा वर, भिंतीलगत. तिथे कुणी जात नाही. तिथे खडी आणि रबराचे तुकडे साचतात, जरा चुकलं की गाडीची भाजी. तो तिथूनच जायचा, शेपूट भिंतीला घासत, आणि खालच्या रांगेतल्या दोन-तीन गाड्या एका वळणात गिळायचा. वर्लीनची नजर एकदा वर गेली आणि खाली यायचं नाव घेईना. रेक्स दिसायचा, पण भाजीवर ठेवलेल्या झाकणासारखा. आहे, आहे, जागेवर आहे. मग ती हॉयटला सांगायला लागली, "रेक्सने घेतलं बघ, वरून घेतलं, भिंतीला घासून!" रेक्स जन्मात वरून गेला नव्हता. हॉयट मांडी थोपटून म्हणायचा, "म्हातारपणी हिंमत आली रे याला!"

घरी आल्यावर तिला जेवण जायचं नाही. पुढच्या वेळी नीट सांगायचं, असं ती स्वतःला बजावायची. पुढच्या वेळी पोपटी गाडी वर जायची आणि बजावलेलं खाली राहायचं.

त्या शनिवारी शेवटच्या फेरीला रेक्स पहिला होता. सायलेन्सरवाला रेक्स, ज्याला जिंकून इतका काळ लोटला होता की त्याची बायकोही विसरली होती. मागे पोपटी. चौथ्या वळणातून पोपटी वरून खाली उतरली आणि रेक्सच्या मागच्या चाकापाशी असा दणका दिला की लाल गाडी आडवी झाली, गवतात गेली, धूरच धूर. पोपटी जिंकली. बाकं पेटली. लोक उभे राहून बोंबलायला लागले.

हेडफोनमध्ये हॉयटचा आवाज आला. "काय झालं? वर्लीन! धक्का दिला का त्याने?"

वर्लीनने माइक तोंडापासून जरा दूर धरला.

"दिला का धक्का?"

"नाही," ती म्हणाली. "रेक्स स्वतःच घसरला. पोरगा लागलाही नाही त्याला."

"मग लोक बोंबलतायत का?"

"ते त्याला बघून नेहमीच बोंबलतात."

हॉयटने एक सुस्कारा सोडला. "मग रेक्सची चूक. हरला तर हरला." आणि वर म्हणाला, "पोराला नावं ठेवायला नकोत."

हे शेवटचे चार शब्द तिला रविवारभर टोचत राहिले. चर्चमध्ये ती प्रार्थनेला उठली तेव्हा पुढची ओळ आठवेना, नुसती ओठ हलवत राहिली.

सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे सगळे नेल्डाच्या टपरीत जमले. नेल्डा पावासारखं जाड, लोण्यात भाजलेलं बिस्किट फोडून त्यात लिव्हरमशची, म्हणजे डुकराच्या कलेजीची, तळलेली वडी घालून देते आणि देताना लहानथोर सगळ्यांना "राजा" म्हणते. तिथे शनिवारच्या शर्यतीचा निकाल दुसऱ्यांदा लागतो.

गार्लंड आधीच तापलेला. "भर दिवसा… हं… दरोडा! त्या कोवाल-वगैरेला गावाबाहेर…"

"कशाला?" हॉयट म्हणाला. "पोराने हात लावला नाही त्याला. रेक्स घसरला."

गार्लंडने हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

"हॉयट, तू डोक्यावर पडलास का?"

"वर्लीनने बघितलंय."

गार्लंडने खिशातून फोन काढला. कुणीतरी काढलेला तो शेवटच्या वळणाचा व्हिडिओ होता. तो टेबलाटेबलावरून फिरला. दणका स्पष्ट होता, अगदी लग्नाच्या फोटोसारखा. "हे बघ. बघ ना! लाव नाकाला!"

"मला दाखवतोस?" हॉयट ताडकन उठला, त्याची कॉफी लवंडली. "मला फोन दाखवतोस? आंधळ्याला? तुझा फोन खोटं बोलेल. तू खोटं बोलशील, तुला तो पोरगा पहिल्यापासून डोळ्यांत खुपतो. ती बोलणार नाही. विचार कुणालाही इथे. कुणाकुणाला तिने बसमधून शाळेत नेलंय? सांगा रे!"

टपरीतले सगळे वर्लीनकडे बघायला लागले आणि नजरा बघून तिला कळलं, की यांच्यातल्या प्रत्येकाला कळलंय. नेल्डाने फडका आणला. कॉफी पुसता पुसता ती कुणाकडे न बघता म्हणाली, "ऊन असेल, राजा. दुपारी त्या बाजूला उन्हाची तिरीप येते."

गार्लंडनेही ते पकडलं. तो वाईट माणूस नव्हता. "हो… हं… ऊन. वर्लीन, तुझ्या डोळ्यावर ऊन आलं असेल."

"हो," वर्लीन म्हणाली. "ऊनच होतं."

ट्रकमध्ये हॉयट खिडकीकडे तोंड करून बसला. तिला वाटलं, अपमान गिळतोय. घराच्या वळणावर तो म्हणाला, "मला आठवतंय, माझं असंच सुरू झालं. सरळ खांब वाकडा दिसायचा. मी म्हणायचो, ऊन आहे."

"हॉयट, तसं नाही—"

"तुझेही गेले तर, वर्लीन?" त्याचा आवाज बारीक झाला. "शर्यत खड्ड्यात गेली. तुला रात्रीचं जिन्यावर कोण धरणार? मी?"

घरी जाऊन त्याने चाचपडत फोन लावला आणि डोळ्यांच्या दवाखान्यात तिचा नंबर लावला. आयुष्यात त्याने स्वतःसाठी कधी नंबर लावला नव्हता. मग दारातल्या खुर्चीत बसून राहिला, आणि ती जवळून गेली की तिचा हात धरायचा, पायरी दाखवायला. त्याला पायरी दिसत नव्हती, तो तिला दाखवत होता. तिने अनेकदा तोंड उघडलं. "काय गं?" तो इतक्या काळजीने विचारायचा की ती म्हणायची, "काही नाही. गार चहात बर्फ हवा का?"

दवाखान्यात हॉयट हट्टाने आत आला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसला. डॉक्टरीणबाई पोरसवदा होती. "मिस वर्लीन, भिंतीवरचं वाचा. वरून."

वर्लीनला सगळं दिसत होतं. मोठं ई तर गुरालाही दिसलं असतं. एक-दोन ओळी चुकवल्या, की ऊन खरं ठरणार होतं. टपरीतल्यांचं तोंड बंद होईल, हॉयट हेडफोन काढून ठेवेल, पण तिला कधी खोटारडी म्हणणार नाही. तिने वरचं वाचलं. दुसऱ्या ओळीला पी होता. "एफ," ती म्हणाली. "पुन्हा बघा हं," डॉक्टरीणबाई म्हणाली.

कोपऱ्यातून श्वास ओढल्याचा आवाज आला. विहिरीत पडलेल्या माणसासारखा. टोपीचा काठ त्याच्या बोटांत चुरगळला.

"पी," वर्लीन म्हणाली. "पी आहे तो." आणि मग थांबलीच नाही. सगळ्या ओळी धडाधड वाचल्या, शेवटची मुंगीएवढी सुद्धा, आणि कुणी विचारलं नसताना तक्ता कुठे छापला ते कोपऱ्यातलं नाव पण वाचून टाकलं.

"अरे देवा," डॉक्टरीण हसली. "ससाण्याची नजर आहे तुमची! तुम्हाला काही झालेलं नाही."

हॉयट हसला नाही. बाहेर ट्रकमध्ये बसल्यावर त्याने पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले.

"म्हणजे तुला दिसलं होतं."

"हो."

"दिला धक्का?"

"दिला."

"सांग." तो समोर काचेकडे तोंड करून बसला होता. "आता सांग, जसं झालं तसं."

तिने सांगितलं. सुरुवातीला खालमानेने, कबुली द्यावी तसं. रेक्स खाली, दाबून बसलेला. पोपटी वर. "एकटा, हॉयट. भिंतीवर गाडीची सावली चढली होती. सगळे म्हणाले गेला, आता आपटला, आणि तो तिथेच धरून राहिला, आणि मग असा सुटला खाली, घार सुटते ना—" तिचे हात स्टीअरिंगवरून उठले होते. ते तिला उशिरा कळलं. तिने ते खाली घेतले. "मग मारला. मुद्दाम मारला. रेक्सची काही चूक नव्हती."

हॉयटने टोपीचा चुरगळलेला काठ बोटांनी सरळ केला.

"रेक्सचं तू असं कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "की तेच होतं? वरून घेतलं, भिंतीला घासून. ते सगळं?"

"तेच होतं."

"म्हणजे मी ज्याच्यावर खूश होऊन हसत होतो, तो…"

"हो."

"चल घरी," तो म्हणाला. गार्लंडची माफी मागायला तो त्याच दिवशी गेला, तिला न घेता, कुंपणाला धरून धरून. ती खिडकीतून बघत राहिली.

पुढच्या शर्यतीला तिचे हेडफोन गार्लंडच्या कानावर गेले. कुणी तिला येऊ नको म्हटलं नाही. "यायचं तर ये," हॉयट म्हणाला, पाहुण्याला म्हणावं तसं. ती म्हणाली, घेवडा मोडायचाय. दुपारभर टेकडीपलीकडून गाड्यांचा आवाज येत होता, चढायचा, उतरायचा, आणि ती घेवड्याच्या शिरा काढत होती. शेवटी लोकांचा मोठा कल्ला उठला. तिचा हात शेंगेवर थांबला. कुणासाठी उठला, ते इथून कळत नव्हतं.

गार्लंडने हॉयटला दारात सोडलं आणि आत न येता गेला.

"कशी झाली?" तिने विचारलं.

"झाली. गार्लंडला काय… आला म्हणतो, गेला म्हणतो, परत आला म्हणतो. बसची वाट बघितल्यासारखं." तो थांबला. "पण जे सांगतो ते झालेलं असतं."

"खरंय," ती म्हणाली.

"तो ओहायोवाला जिंकला."

वर्लीनने परातीत बघितलं.

"वरून गेला म्हणे. दोन गाड्यांच्या वरून, शेवटच्या वळणात. सगळे उभे राहिले, गार्लंड सुद्धा. मी विचारलं, कसा गेला? म्हणाला, हं… गेला. मी म्हटलं, अरे पण कसा?" हॉयट टोपी न काढता दारातच उभा होता. त्याचं तोंड तिच्या दिशेला होतं, जरासं बाजूला, तिची कडा दिसावी असं. "त्याला सांगता येईना."

तो वाट बघत उभा राहिला. तिच्या तोंडात पहिला शब्द येऊन थांबला. तिने ते बघितलं नव्हतं.