भरावावरची इमारत

दुष्काळात गावात काम उरलं नाही, तेव्हा माझे मालक मुंबईला गेले. समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीवर एक उंच इमारत उठत होती, तिथं ते सळया बांधत. दोन महिने त्यांचं पत्र नव्हतं. त्यातच दिंद्रुडच्या बाजारात कळलं, की तसल्याच इमारतीवरून आमच्या बीडकडचा एक माणूस पडला. जुन्या पत्रातला पत्ता धरून मी सासऱ्यांना घेऊन मुंबई गाठली.

इमारतीच्या फाटकाशी उभं राहून वर पाहिलं. बांबूंची परांची आभाळापर्यंत गेली होती. मुकादमानं हाक दिली, आणि बऱ्याच वेळानं सिमेंटनं माखलेले मालक खाली आले.

“कावून आलात? काय झालं?”

मला रडूच फुटलं. सासऱ्यांनी ऐकलेलं सांगितलं.

“तो दुसरा. त्योबी वाचला, पाय मोडला फकस्त,” मालक म्हणाले. “भिऊ नको. पार खडकापर्यंत खांब नेलेत. इमारत लई मजबूत हाय.”

मी इमारतीकडं पाहतच नव्हते. त्यांचे हातपाय न्याहाळत होते.

पुढच्या वर्षी आमच्या भागात सहकारी साखर कारखाना बांधायला घेतला. सळया बांधणारे तिथंही हवे होते. मालक परतले. ते रोज संध्याकाळी सायकलवरून घरी येत, आणि मी निवांत भाकरी थापायला बसे.