तोटी बसवलेली नाव

आमच्या अंगणात नाव होती. पैठण रोडला, एका सोसायटीत, जिथं पावसाळ्यातही गटार धड वाहत नाही, तिथं सोळा फुटांची जुनी फायबरची मोटरबोट ट्रेलरवर उभी. शेजारीपाजारी पत्ता सांगताना "नाववाल्यांच्या पलीकडं" असं सांगायचे. मला त्याची इतकी चीड यायची, की मी स्वतः मात्र पिठाच्या गिरणीची खूण द्यायचो.

ती आणली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत हयात घालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाला जातात, हे एका लिलावात जाऊन नाव घेऊन आले. कारण होतं आई. तिचं माहेर जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेलं. पहिलं मूल झालं की त्याला घेऊन गावदेवीची ओटी भरायची, असा त्या गावाचा रिवाज. मी जन्मलो तोवर गाव उठलं होतं. देवीचा मुखवटा नव्या गावठाणात नेला, पण तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला मूळ दगड, खालीच राहिला. बाकीच्या लेकीबाळींनी नव्या देवळात ओट्या भरल्या. आईनं नाही. "मुखवटा काय, कुठंबी नेता येतो," ती म्हणायची. "देवी बसलीय तिथंच बसलीय." मासेमारांच्या डुगडुगत्या होड्यांत बसायला ती घाबरायची, म्हणून अण्णांनी तिला शब्द दिला होता की धड नावेतून तुला नेतो. त्यामुळं माझ्या जन्माची ओटी चाळीस वर्षं राहून गेलेली आणि तिचे गुडघे दरवर्षी थोडे थोडे संपत चाललेले.

नाव आली आणि पाठोपाठ दुष्काळ आला. आमच्या घरात कुठल्याही कामाचा मुहूर्त असाच लागतो. एक उन्हाळा, मग दुसरा. धरण आटलं, आईचं गाव उघडं पडलं. मामा ट्रॅक्टरनं जाऊन देवळाच्या पायऱ्यांचे फोटो काढून आला. मी म्हटलं, आई, चल, आता तर चालत जाता येईल, नावेची कटकट मिटली. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी गाडीची किल्ली परत खुंटीला लावली. "कपडे फेडलेल्या माणसाकडं बघाया जात्यात व्हय रं? पाणी आल्यावर जाऊ."

पाणी कुठलं यायला! आमच्या मागं जिथं ज्वारी डुलायची तिथं चार-चार मजले उभे राहिले होते, आणि तेवढ्याच नळावर सगळ्यांच्या टाक्या. आठ दिवसांनी पाणी यायचं, तेही पहाटे, तेही तासभर. शहराला पाणी जायकवाडीचंच, म्हणून आई सगळ्यांना हाका मारून उठवायची, "माहेरचं पाणी आलं, उठा!" बादल्या भरल्या, पिंपं भरली, कढया भरल्या, आणि एके दिवशी तिचं लक्ष नावेकडं गेलं. एवढं मोठं भांडं रिकामं कशाला ठेवायचं? ट्रेलरखाली विटा लावल्या, नाव निम्मी भरली, वर ताडपत्री टाकली. वाकून पाणी काढताना तिच्या गुडघ्यांतून कळा यायच्या, म्हणून मी ड्रिल मशीन आणून नावेच्या मागच्या फळीला, बुडाशी एक भोक पाडलं आणि प्लॅस्टिकची तोटी बसवली. आई इतकी खूश झाली की माझी दृष्ट काढायची बाकी ठेवली. अण्णा गावाला गेले होते. परत आल्यावर त्यांनी तोटी पाहिली आणि ते आंघोळीला गेले. दोन उन्हाळे आमची धुणीभांडी नावेच्या पाण्यावर झाली.

मग एकदाचा पाऊस झाला आणि धरण भरलं. नाव रिकामी झाली, तोटी निघाली. दसऱ्याला अण्णांनी मोटर पुसून, हार घालून नावेच्या मागच्या फळीला अडकवली आणि स्क्रू आवळला. फळी चहात बुडवलेल्या टोस्टसारखी आत दबली. पाण्यासारखंच काळं काहीतरी त्यांच्या बोटांवर ओघळलं. ही फळी म्हणजे वरून फायबर आणि आत लाकूड. लाकूड पार कुजलेलं.

"लिलावातला माल," मी म्हणालो. त्यानंतर सहा महिने मी हे दिवसातून दोनदा म्हणत राहिलो.

आमच्या शहरात नावा दुरुस्त करणारा माणूस मिळणं म्हणजे वाळवंटात कोळी शोधणं. शेवटी चितेगावला फायबरचे कूलर बनवणारा एक कारागीर सापडला. त्यानं नावेभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "साहब, नाव का काम कब्बी करा नै, पन मेरा कूलर आज तक चुया नै." त्यानं आतून सगळीकडं काचेचं कापड अंथरलं, वर रेझिन ओतलं, तीन दिवसांत नाव आरशासारखी चकचकीत केली. मी हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं तर आवाज आला भद भद. त्यानं कुजकं लाकूड काढलंच नव्हतं, ओलं तसंच आत बंद केलं होतं. विचारलं तर म्हणतो, "पानी अंदर से बाहर नै जाता ना अब?" कूलरमध्ये पाणी आत असतं, नावेत ते बाहेर ठेवायचं असतं. हा फरक ज्याला समजावून सांगावा लागतो, त्याच्यापुढं मी हात जोडले. त्यात चितेगावच्या रस्त्याचं रुंदीकरण चालू. कधी रेझिन आणायला, कधी ते काचेचं कापड आणायला, कधी त्याला शोधायला. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं येरझाऱ्यानं, त्यातलं शिंगरू मी.

अखेर दर रविवारी मीच ग्राइंडर हातात घेतला. त्याचं ते चकचकीत काम कापून काढलं, नावेच्या आतली लाकडी फरशी उचकटली. काचेची धूळ कॉलरमधून पाठीवर उतरायची आणि सोमवारी ऑफिसात साहेबासमोर मी खाजवत उभा. लाकूड चमच्यानं काढता येत होतं. मी काढत होतो आणि अण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सूचना करत होते. चैती पुनवेला देवीची जत्रा भरायची, तोवर नाव तयार पाहिजे, असा आईचा हट्ट. आणि चैताच्या उन्हात रेझिनचा काय स्वभाव होतो ते मला तेव्हा कळलं. हार्डनर टाकून ढवळतो न ढवळतो तोच बादलीतून धूर आणि बादलीचा दगड. अशा तीन बादल्या गेल्या. तिसरीला मी लाथ मारली आणि अंगठा धरून बसलो.

एका रविवारी मागची फळी पुरती उघडली. कडेला लाकूड चांगलं, पिवळं होतं. जसजसा खाली आणि मध्ये यायला लागलो तसतसं काळं, मऊ. मी कुजकं उकरत त्या वाटेनं जात राहिलो आणि एका गोल भोकापाशी पोचलो. बाहेरून ते कुणीतरी लांबी भरून, रंग लावून बंद केलं होतं. आतल्या कडेला नळकामाची पांढरी टेप अजून चिकटलेली होती.

मी ती टेप सोलून बोटावर घेतली. तोटी बसवताना ती मीच गुंडाळली होती. लिलावातला माल नव्हता. भोक पाडताना मी आतलं लाकूड तसंच उघडं सोडलं होतं, आणि दोन उन्हाळे पाणी त्या लाकडात शांतपणे मुरत गेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दुष्काळात, धरण कोरडं असताना, अंगणात उभ्या उभ्या पाण्यानं सडलेली ही जगातली पहिली नाव असेल.

"अण्णा, हे भोक तुम्ही बुजवलं?"

"व्हय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग मला सहा महिने बोलू दिलंत?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "अरे, या पाण्यापायी तिचं गाव गेलं. ते पाणी तिच्या दारात आठ दिवसांनी यायचं. तिनं जरा जास्त साठवून ठेवलं, तर मी काय सांगू तिला, नाव सडती म्हणून?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला कळू देऊ नको. जिवाला लावून घेईल."

मला लाज वाटली. स्वतःचा राग आला आणि अण्णांचाही, कारण ज्याला सहा महिने दोष दिला तो माणूस इतका गप्प बसू शकतो हे मला सहन होत नव्हतं. त्या रविवारी मी अंधार पडेपर्यंत काम केलं आणि त्यानंतर लिलावाचं नाव काढलं नाही.

नवं लाकूड बसलं, रेझिन बसलं, मोटर बसली. पुनवेच्या सकाळी ट्रेलर गल्लीतून निघेना, कारण नव्या बंगलेवाल्यानं गाडीसाठी रस्त्यावर उतार बांधला होता. तासभर हुज्जत घालून, फळ्या टाकून निघालो. बिडकीन ओलांडलं, बॅकवॉटरच्या एका उतारावर नाव पाण्यात सोडली. आईला दोघांनी धरून बसवलं. मला देवीचं काही सुचत नव्हतं, माझी नजर त्या मागच्या फळीवर.

अण्णांनी लांबची टेकडी बघून, कचेरीतले नकाशे आठवून एका जागी मोटर बंद केली. "हे बघ, इथं."

"नाय," आई म्हणाली. "इथं आमची विहीर. देऊळ अजून पुढं."

"अगं, नकाशात..."

"नकाशाला सांगा, मी पाणी भरलंय इथनं."

पुढं गेलो. तिनं हात वर केला तिथं थांबलो. तांदूळ, हळदकुंकू, खण, नारळ, सगळं तिनं हळूहळू पाण्यावर ठेवलं. तांदूळ लगेच खाली गेले, खण सावकाश गेला. नारळ मात्र तरंगत राहिला आणि येऊन मागच्या फळीला टकटक करू लागला. फळी घट्ट होती. मग आईनं पिशवीतून तांब्या काढला आणि वाकून पाण्यानं भरून घेतला.

"अगं, हेच पाणी येतं घरी नळाला!" अण्णा वैतागले.

"येतं की. पण माहेराहून रिकामं जाऊ नये."

अण्णांनी मोटरच्या दोरीला हात घातला. "थांबा, ऱ्हायलंच," म्हणत आईनं माझी मान धरली. मी चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडलेला, गळ्यात केशरी जाकीट. तिनं मला नावेच्या काठावरून इतकं वाकवलं की माझं कपाळ पाण्याला टेकलं.

"आई, उशीर झाला बघ," ती पाण्याला म्हणाली. "पोरगं आणलंय. लहान हाये अजून, कुठंबी भोकं पाडतंय. पोटात घाल."