थांबणारं घोडं

शालूबाई मोगरवाडीच्या दवाखान्यात रुजू झाल्या तेव्हा मी तिथं कंपाउंडर होतो. एकेचाळीस साल. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. एरवी बाटल्या भरणारा मी आणि बाळंतपणं करणाऱ्या शालूबाई, एवढाच दवाखाना. मोगरवाडी माण तालुक्यातली, उघड्या माळावरची. त्या आल्या होत्या वाळव्याकडून, कृष्णाकाठच्या उसाच्या गावातून. पहिल्या दिवशी विहिरीत वाकून बघत त्यांनी विचारलं, "एवढंच पाणी?"

"यंदा चांगलं आहे," मी म्हटलं.

वय तिशीचं. नवरा पलटणीत होता, तो लग्नानंतर दीड वर्षात तिकडं सरहद्दीवर तापानं गेला. मूलबाळ नाही. पाच वर्षं सासरी शेणपाणी केल्यावर एका मामानं हट्ट धरून त्यांना मिरजेला नर्सिंग शिकायला घातलं. तो मामाही पुढं वारला. आता माहेरी एक भाऊ होता, हंबीरराव. त्याच्या मुलाच्या शाळेसाठी त्या दर महिन्याला दहा रुपयांची मनिऑर्डर करायच्या. मनिऑर्डरचा फॉर्म मीच पोस्टात नेत असे. उलट पत्र आलेलं फारसं पाहिलं नाही.

त्या दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत राहायच्या. तिकडं कुणी बसायला जात नसे. अडलेली बाई ज्यांचा हात गच्च धरून ओरडायची, त्याच हाताला बाळंतपणानंतर घरात जागा नसायची. उंबऱ्याबाहेर गूळ आणि पाणी ठेवायचं, शिधा बांधून द्यायचा, संपलं. बाराव्या दिवशी बारशाला गावभर बोलावणं फिरायचं, ते त्यांच्या दारावरून पुढं जायचं. विधवा बाईला पाळण्याजवळ कसं बोलवायचं? हे कुणी दुष्टपणानं करत नव्हतं. कुणाच्या मनातच येत नव्हतं. शालूबाई जेवणाचं ताट घेऊन दाराच्या पायरीवर बसायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आत बसलं की आपलंच चावणं ऐकू येतं, नानासो."

त्रेचाळीसच्या चैत्रात तात्याबा धनगराच्या वाड्यावरून सांगावा आला. वाडा म्हणजे त्यांचा मेंढरांबरोबरचा मुक्काम, आमच्यापासून अकरा मैलांवर. थोरली सून कालपासून अडली होती. शालूबाईंनी बैलगाडी जोडायला सांगितली. बैल पाण्यावाचून आधीच खंगलेले, त्यात ओढ्याच्या वाळूत चाक रुतलं. सकाळी सातला निघालेली गाडी दुपारी एकला पोचली. सून तासाभरापूर्वी गेली होती. पोटातलं पोटातच राहिलं.

तात्याबा म्हातारा होता, अंगानं शिडशिडीत. तो रागावला नाही. गाडीच्या दांडीला धरून एवढंच म्हणाला, "बाई, चालत आला असता तरी आदी आला असता की वं."

हे मला गाडीवानानं सांगितलं. शालूबाईंनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पट्ट्या उकळत होत्या, मागं न बघताच त्यांनी विचारलं, "कडबा कसा शेकडा आहे सध्या?"

"कडबा कशाला?"

"घोडं घ्यायचं म्हणते."

त्याआधी त्यांनी वर अर्ज करून पाहिला होता. घोड्याचा भत्ता देवी टोचणाऱ्याला मिळतो, नर्सच्या जागेला तशी तरतूद नाही, असं उत्तर आलं होतं. तो कागद त्यांनी जपून ठेवला होता, त्याचीच मागची बाजू कोरी म्हणून तिच्यावर हिशेब मांडला. पोस्टातली शिल्लक एकशे ऐंशी. पगार महागाई भत्ता धरून त्रेपन्न. मला घोड्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी त्यांना लालासाहेब दफेदारांकडं घेऊन गेलो. हे रिसाल्यातून पेन्शनीवर आलेले, गुडघ्यानं अधू, दिवसभर कट्ट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या जनावरांच्या चाली बघत बसायचे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती हायत तुमच्याजवळ?"

"एकशे ऐंशी."

"मग एकशेऐंशीचं घोडं घिऊ नका. एकशेधाच्या वर जायाचं न्हाई. खोगीर, लगाम आन् तंग, धरा पंचवीस. ऱ्हायलं त्यातनं चाळीसचा कडबा आत्ताच भरून ठिवा. आगुटीला, पावसाच्या तोंडाला, त्योच कडबा दुपटीनं इकत घ्याल. घोडं एकदाच घ्याचं असतं बाई, पोट रोज असतं."

शालूबाईंनी लिहून घेतलं. मग रोजचं काढलं. कडबा महिन्याला पंधरा रुपये. हरभरा लिहायला लागल्या तसा दफेदारांनी हात आडवा केला. लढाईमुळं हरभरा सोन्याच्या भावात गेला होता. "हुलगं शिजवून घाला. आपल्या माणात हुलग्यावरच घोडी जगल्याती." हुलगे पाच रुपये. नालबंदी दीड. साडेएकवीस झाले. पगारातून ते गेले, भावाचे दहा गेले, की राहिले साडेएकवीसच. शालूबाईंनी तो आकडा बराच वेळ पाहिला आणि चहा, साखर आणि दुधाच्या रतिबावर एक रेघ मारली. भावाच्या दहावर मारली नाही.

"आता सांगा," दफेदार म्हणाले, "घोडं कशाला पायजे? पळवायला? मिरवायला? बग्गीला, वज्ज्याला, बसायला निराळं निराळं असतंय."

"चढाला चढावं, ओढ्यात उतरावं, कुत्र्याला भिऊ नये," शालूबाई म्हणाल्या. "आणि थांबावं. मी आत गेले की दोन तास लागतील, नाहीतर दोन दिवस. बाहेर धरून उभं राहायला माझं कुणी नाही."

दफेदारांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "पळणारं कुटंबी मिळंल," ते म्हणाले. "थांबणारं हुडकावं लागंल."

हुडकण्यात सहा महिने गेले. म्हसवडच्या बाजारात एक अबलख आवडलं होतं, पांढरं-काळं, मान कमानीसारखी. मालक दोनशे सांगून दीडशेवर आला होता. शालूबाई त्याच्या नाकावरून हात फिरवत उभ्या राहिल्या, तेवढ्यात शेजारी कुणीतरी छत्री उघडली आणि अबलख दोन पायांवर उभं राहिलं. दुसरं एक साठ रुपयांत होतं. दफेदारांनी त्याचा मागचा पाय उचलून खूर दाबला, खाली ठेवला आणि काठी टेकत पुढं चालू लागले. पलटणीसाठी जनावरं खरेदी करणारे लोक चांगलं चांगलं आधीच उचलून न्यायचे. लष्कराच्या पुढं एकशेदहा रुपये म्हणजे काय?

दफेदारच एक दिवस म्हणाले, "तात्याबाकडं एक घोडी हाय. कुमैत. नऊ वरसांची आसंल."

शालूबाईंचा चेहरा उतरला. "त्या वाड्यावर मी कसं जाऊ?"

तरी गेल्या. मी सोबत होतो. वाडा तेव्हा कुळकजाईच्या बाजूला उतरला होता. घोडी आम्ही लांबूनच पाहिली. काळपट तांबडी, पोट जरा सुटलेलं, दिसायला काही खास नाही. तिच्या पाठीवर बिऱ्हाड लादलेलं होतं. घोंगड्या, भांडी, वर दोन कोंबड्या पाय बांधून. पोटाखालून कुत्री जात होती, कोकरं जात होती, ती आपली डोळे अर्धे मिटून उभी.

तात्याबानं शालूबाईंना ओळखलं. बसायला घोंगडं टाकलं. कशाला आलात हे ऐकून तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

"माजी सून गेली तवा तुमी यायला निगाला व्हता," तो शेवटी म्हणाला. "ते मी इसरलो न्हाई. पर घोडी फुकाट देनार न्हाई. ही गेली की मला दुसरी बगावी लागंल."

"मी फुकट मागायला आले नाही."

"मंग एकशेपाच."

शालूबाईंनी घासाघीस केली नाही. त्या म्हणाल्या, "आधी तिला मोकळी सोडते." बिऱ्हाड उतरवलं, कासरा तिच्याच मानेवर टाकला, आणि त्या टेकाडापलीकडं चालत निघून गेल्या. आम्ही बसून राहिलो. मेंढरं पाण्याला गेली, घोडीनं कान हलवले, दोन पावलं टाकून बाभळीच्या सावलीत सरकली आणि तिथंच उभी राहिली. तासाभरानं शालूबाई परतल्या तेव्हा तिनं फक्त मान वळवली. तात्याबानं पैसे घेतले, मोजले, आणि घोडीच्या कपाळाला कपाळ लावून बाजूला झाला.

खोगीर दफेदारांनी आपलंच जुनं दिलं, वीस रुपयांना. बसायला त्यांनीच शिकवलं, गावाबाहेरच्या पडीत, काठी टेकून उभं राहून. शालूबाई कासोटा घट्ट घालून पुरुषांसारख्या दोन्हीकडं पाय टाकून बसत. पहिल्या आठवड्यात तीनदा पडल्या. पारावरची माणसं हसली. पुढं हसायचं थांबलं, आणि बोलणं सुरू झालं. एकटी बाई, वर घोड्यावर, जाते कुठं, येते कधी.

हे बोलणं वाळव्यापर्यंत कसं गेलं कोण जाणे. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात हंबीरराव आले. डोक्याला तांबडा पटका, पायात करकरीत वहाणा. मी औषधाच्या खिडकीत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, घोडी इकून टाक. आमाला लोकं काय काय बोलत्यात म्हायती हाय का?"

"काय बोलतात?"

"मी तोंडानं सांगू?"

"सांग की."

त्यांच्या वहाणा करकरल्या. शालूबाई म्हणाल्या, "भाकरी टाकते. खाऊन जा."

"घोडी हाय तवर तुज्या घरचं पानी न्हाई, आन् तू बी आमच्याकडं येऊ नगंस," असं म्हणून ते उठले आणि एस्टीवजा जी एक खटारा मोटार दहिवडीला जायची ती गाठायला निघून गेले. शालूबाई पायरीपर्यंतही आल्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी मनिऑर्डरचा फॉर्म नेहमीसारखाच माझ्याकडं दिला. पैसे परत आले नाहीत.

त्यानंतरची पाच वर्षं मी जवळून पाहिली. माळावर लांब धुळीचा एक ठिपका दिसला की बायका म्हणायच्या, नरसाबाई आली. अकरा मैलांना आता दोन तास लागत. घोडी कुणाच्याही अंगणात, गोठ्यापाशी, उन्हात, वाऱ्यात कासरा मानेवर टाकून उभी असायची. शालूबाई एकट्याच जायच्या, एकट्याच यायच्या, आणि आल्यावर आपण खाण्याआधी तिचे हुलगे चुलीवर ठेवायच्या. त्या तिच्याशी बोलायच्या. मला वाटतं, दिवसाकाठी जेवढं बोलायच्या त्यातलं बरंचसं तिच्याशीच. मी जवळ गेलो की गप्प व्हायच्या.

तात्याबाच्या धाकट्या सुनेचं बाळंतपण त्यांनीच केलं. बाराव्या दिवशी म्हातारा स्वतः चालत आला आणि त्यांना बारशाला घेऊन गेला. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं? खोगीर उतरवता उतरवता त्या म्हणाल्या, "पोर माझ्या मांडीवर ठेवलं त्यांनी." आणि घोडीच्या पोटाखालच्या तंगाची गाठ सुटत नाही म्हणून बराच वेळ खाली वाकून राहिल्या.

आता माझं सांगायला हवं. सेहेचाळीस साली माझी बायको अंजना अडली. मूल आडवं होतं. शालूबाई अठरा तास तिच्याजवळ बसल्या, आणि आज माझी मुलगी आहे ती त्यांच्यामुळं. बारशाच्या आदल्या दिवशी मी आईला म्हटलं, नर्सबाईंना बोलवायला हवं. आई म्हणाली, "पाच सवाष्णी येणार, त्यात त्यांना कुठं बसवायचं? नंतर घुगऱ्या पाठवू." मी आणखी एकदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. अंजना आतून ऐकत होती. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बारशाच्या दिवशी सकाळी शालूबाईंनी आपल्या हातानं शिवलेलं कुंचडं माझ्या टेबलावर ठेवलं, "बाळाला," म्हणाल्या, आणि कुठल्याही बाळंतपणाचं बोलावणं आलेलं नसताना घोडीवर बसून बिजवडीच्या वाटेनं निघून गेल्या. दुपारी घरात पाळणा म्हणत होते तेव्हा मी दारात येऊन माळाकडं पाहिलं. कुणीही दिसत नव्हतं. घुगऱ्या मी स्वतः नेऊन दिल्या. त्यांनी घेतल्या, गरम आहेत म्हणाल्या.

एकोणपन्नासच्या मार्गशीर्षात त्यांची बदली पाटणला झाली. सामान मोटारीनं पाठवलं, एक ट्रंक आणि एक वळकटी. घोडी मोटारीत कशी जाणार? दफेदार तेव्हा अंथरुणाला खिळले होते. ते म्हणाले, "इकून टाका, चवदा-पंदरा वरसांची झाली. तिकडं नवी घ्या." शालूबाईंनी त्यांच्याकडून रस्ता समजून घेतला. पुसेगाव, कोरेगाव, सातारा, मग उंब्रजवरून पाटण. रोज वीस मैल, चार दिवस. वाटेतल्या मुक्कामाचा, वैरणीचा हिशेब काढला, साडेसात रुपये. निघाल्या तेव्हा सकाळ थंड होती. पोचवायला मी, आणि अंजना मुलीला कडेवर घेऊन. अंजनानं पुढं होऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. शालूबाईंनी मुलीच्या गालाला बोट लावलं, मला म्हणाल्या, "पोटॅशची बाटली संपत आलीये, मागवा," आणि टाच दिली.

पाटणहून तिसऱ्या महिन्यात कार्ड आलं. घोडी सुखरूप पोचली. इकडं गवत फुकट आहे, कडब्याचा खर्च वाचला. पण डोंगरातली दगडी वाट असल्यानं नाल वीस दिवसांतच झिजतात. लोक चांगले आहेत. अजून ओळखी व्हायच्या आहेत.

मी उत्तर लिहिलं. विहिरीचं पाणी आटलं, कडबा शेकडा अठरावर गेला, नव्या नर्सबाई अजून आलेल्या नाहीत, मुलगी चांगली आहे. बाकी जे लिहायचं होतं ते एका कार्डात मावेल असं वाटेना, म्हणून तेवढंच पाठवलं. त्यानंतर त्यांचं कार्ड आलं नाही, आणि मीही दुसरं लिहिलं नाही.