ऑस्मोला तळं आठवत होतं

हेल्वी निस्कानेन माझी शेजारीण. आमच्या गावची लाकडाची गिरणी बंद पडली आणि तिचा नवरा ऑस्मो घरी बसला. पाठोपाठ मुलगी मारित लग्न करून टोरांटोला गेली. मग ऑस्मो विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. या सगळ्यात एक गोष्ट तेवढी कधी चुकली नाही. दर सप्टेंबरात दोघं कनू, म्हणजे वल्ह्यांची हलकी, निमुळती होडी, घेऊन उत्तरेच्या जंगलात जायची आणि मोठ्या तळ्यापलीकडच्या उतरत्या खडकावर तंबू ठोकायची.

"तिथे गेलं की वाटतं, अजून काहीच बिघडलेलं नाही," हेल्वी म्हणायची.

गेल्या वर्षी ऑस्मोला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तरी सप्टेंबर आल्यावर ती त्याला न्यायला निघालीच. मारित फोनवर तडकली, "आई, पाण्यात काही झालं म्हणजे?"

"आणि खोलीत बसून काय होतंय, ते बघतेयस ना?" हेल्वीने फोन ठेवला.

गाडीच्या टपावर कनू बांधून मीच त्यांना काठापर्यंत सोडलं. सवयीने ऑस्मो मागे, दिशा धरणाऱ्याच्या जागी बसायला गेला. हेल्वीने त्याला हाताला धरून पुढे बसवलं. तो कुरकुरला, पण बसला.

पुढचं तिनेच मला सांगितलं.

वल्हं हातात येताच त्याचा हात बरोबर चालायला लागला. पण मोठ्या तळ्याच्या मधोमध वारा सुटला, लाटा आडव्या यायला लागल्या, आणि ऑस्मोने वल्हं मांडीवर ठेवून मागे वळून पाहिलं.

"तुम्ही कोण? हेल्वी कुठेय?"

मीच हेल्वी, असं आश्रमात म्हटलं की तो चिडून उभा राहायचा. इथे उभा राहिला असता तर कनू उलटली असती. पाणी बर्फासारखं होतं.

"ती पुढे गेलीय," हेल्वी म्हणाली. "खडकावर कॉफी ठेवते म्हणाली. चला, वल्हवा."

"मग लवकर चला. तिला ताटकळत ठेवलं की फार बोलते," असं म्हणत त्याने जोरात वल्हं मारलं, तसं कित्येक वर्षांत मारलं नव्हतं.

खडकावर त्याला सगळं माहीत होतं. तंबूची दोरी कुठल्या झाडाला बांधायची, पाणी कुठून भरायचं. फक्त बायको सापडत नव्हती. झाडांमागे दोनदा जाऊन आला. हेल्वीने दिलेला वेलदोड्याचा गोड पाव खात म्हणाला, "आमची हेल्वी असाच करते. साखर जरा जास्तच घालते."

ती भांडं घेऊन पाण्याशी गेली आणि घासत बसली. समोर तेच काळं पाणी, तेच पाइन, लून पक्ष्याची तीच हाक.

"मला तळ्याचा राग आला," ती मला म्हणाली. "खडक त्याच्या डोक्यात राहिला, मी नाही राहिले. पण किती वेळ रागावणार? तिथे मला कोणी विचारत नव्हतं, कसा आहे तो म्हणून. बरा आहे, असं खोटं सांगावं लागत नव्हतं."

थोड्या वेळाने ऑस्मो येऊन शेजारी बसला.

"तुमचंही कोणी यायचंय का?"

"हो."

"मग बसू या."

ऊन पाइनमागे जाईपर्यंत दोघं तशीच बसली होती.

ऑस्मो मार्चमध्ये न्यूमोनियाने गेला. यंदा हेल्वी एकटी निघाली. मी येऊ का विचारलं, तर म्हणाली, "नको. तिथे मला बोलायचं नसतं." एकटं माणूस मागे बसलं की कनूचं तोंड वर उचललं जातं, म्हणून तिने पुढच्या जागी एक मोठा दगड ठेवला. मी हात लावायला गेलो, तर नको म्हणाली.

तिला आणायला गेलो तेव्हा डोळे सुजलेले होते, गाल उन्हाने रापले होते.

कनू टपावर बांधताना मी विचारलं, "बरं वाटलं का?"

"पहिला दिवस नुसती रडले," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मासे धरले. ही दोरी जरा ओढ, सैल राहिलीय."