ताण्यात गेलेला कागद

मी येळ्ळूरच्या शेतकऱ्याघरची, मराठी चौथी झालेली, आणि त्या चौथीचा मला भलता तोरा होता. लग्न होऊन शहापूरला विणकराच्या घरी आले, तर तिथे मराठी वाचणारं कोणीच नाही. आमचे हे कानडी शाळेत दोन वर्षं जाऊन मागावर बसलेले. सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, अक्षराची ओळखच नव्हती. त्यामुळे छापलेलं काही घरात आलं, की मी सांगेन तोच त्याचा अर्थ.

माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. त्या वेळी आठव्या महिन्यात पाय सुजले, ते मी आत्यांना दाखवले. त्या म्हणाल्या, "समद्यांस्नी सुजतंय ते." मला राग आला. पुढे डोकंही ठणकायला लागलं, पण ते सांगायला मी गेलेच नाही. पुन्हा तेच ऐकून घ्यायचं नव्हतं. त्यानंतर आठवड्याभरात सगळं संपलं. आत्यांना मी एका शब्दाने बोलले नाही, पण मनात त्यांना माफही केलं नाही.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा लढाई चालू होती. या खेपेला कुणाच्या सांगण्यावर राहायचं नाही, पुस्तक वाचून सगळं करायचं, असं मी ठरवलं. यांना घेऊन खडेबाजारात पुस्तकाच्या दुकानी गेले. दुकानदाराने दोन पुस्तकं पुढे ठेवली. एक पातळ, कुणा डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं. ते उघडलं तर पोटाच्या आतलं चित्र. हे शेजारी उभे. मी ते पुस्तक चटका बसल्यासारखं मिटलं. दुसरं जाडजूड, कापडी पाठीचं, एका वैद्यांचं. कोणत्या महिन्यात कोणतं फळ खावं, कोणत्या दिशेला डोकं करून निजावं, सगळं महिनावार दिलेलं.

"बाई, पातळ न्या," दुकानदार म्हणाला, "माझ्या सुनेला तेच दिलंय."

परक्या माणसाने मला शिकवावं, हे मला खपलं नाही. मी जाडं उचललं.

रोज संध्याकाळी मी ते मोठ्याने वाचायची. आत्या चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता ऐकायच्या. आधी नाक मुरडायच्या, मग मान हलवायला लागल्या, आणि सातव्या महिन्यापर्यंत त्या पुस्तकाचा शब्द आमच्या घरात शेवटचा ठरू लागला. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

त्याच महिन्यात दवाखान्यातल्या नर्सबाई गल्लीत आल्या आणि एक जाड निळसर कागद देऊन गेल्या. मोठ्या अक्षरांतलं मराठी होतं. वर लिहिलं होतं, की पुढची लक्षणं दिसली तर एक दिवसही थांबू नये. एवढं वाचलं आणि कुणीतरी हाक मारली. कागद पुस्तकाखाली सरकवला आणि विसरले. एवढ्या जाड पुस्तकापुढे त्या एका पानाची काय मातब्बरी, असंच मला वाटलं.

आठवा लागला. एका दुपारी कांडी भरताना एका धाग्याचे दोन दिसू लागले. पाय-तोंड सुजलेलं होतं, डोकं दोन दिवस ठणकत होतंच. डोळ्यांपुढे ठिणग्या उडाल्या आणि कांडी हातातून पडली. या खेपेला मी गप्प बसले नाही.

"आत्या, डोकं लई दुखतंय. दवाखान्यात जाऊया."

"वाच की तुझं पुस्तक. काय म्हंतंय?"

आता ते वाचणं आलं. आठव्या महिन्यात अंगावर सूज येणं शुभ, मुलगा होण्याचं लक्षण. डोकेदुखी उष्णतेने होते, धण्याचं पाणी प्यावं. आणि सातव्या महिन्यानंतर गाडीत बसू नये, गर्भ ढळतो. आणि हे सगळं मीच वाचून दाखवत होते. तेवढ्यात गल्लीतली सुईणही आली. गाडीचं तिला अगदी पटलं. "टांग्यात बसवू नगा हिला. हादरे बसत्यात."

जावं तर गाडीने बाळ जाईल, न जावं तर मागच्यासारखं होईल. मला त्या निळसर कागदाची आठवण झाली. पुस्तक उचललं, खाली काही नाही. फडताळ, उशी, पेटी, सगळं उपसलं.

"निळा कागद व्हय?" आत्या म्हणाल्या. "जाड हुता त्यो? ताण्यात घातला की."

ताण्याचे लांब धागे रुळावर गुंडाळताना मधून मधून कागद घालतात, म्हणजे वरचे धागे खालच्यांत रुतत नाहीत. लढाईमुळे रद्दीसुद्धा मिळत नव्हती. वाचता न येणाऱ्या बाईला जाड कागद दिसला, तिने तो कामी लावला. हे मागाच्या खड्ड्यात बसून त्याच ताण्यावर लग्नाची साडी विणत होते.

"तीन दिवसांत त्या कागदापतोर विणून हुतंय," हे म्हणाले. "आपसूक भाईर येतोय की त्यो."

"तीन दिवस मी राहीन का?" मी ओरडले. सासूसमोर नवऱ्यावर ओरडण्याची ती माझी पहिलीच वेळ. "रूळ उलगडा."

"मागावर उलगडला तर समदं गुततंय. ताणा कापावाच लागंल. आनि कागदात तसलं काय न्हाईच निघालं तर?"

त्यांचं चुकत होतं असं नाही. सूत कंट्रोलवर मिळायचं, आणि अर्ध्या साडीवरचा ताणा कापणं आमच्या घरात अपशकुन समजत. साडी पुरी झाली, की हळदकुंकू लावून मगच कात्री. मी भिंतीला टेकून खाली बसले. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही कधी वाटली नाही.

आत्या जवळ आल्या. माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा खळग्याकडे पाहिलं. तो भरलेला नव्हता.

"वर ये रं," त्या लेकाला म्हणाल्या.

हे खड्ड्यातून बाहेर आले. आत्यांनी कात्री घेतली आणि मागाच्या फणीपलीकडे ताणलेले धागे मुठीमुठीने कापत गेल्या. हळद नाही, कुंकू नाही. यांनी तोंड फिरवलं. रूळ उचलून दोघांनी अंगणात उलगडला. वर्तमानपत्राचे तुकडे पडले, कुठल्याशा पंचांगाची पानं पडली, आणि मग तो निळसर कागद.

आत्यांनी तो माझ्या हातात दिला. "वाच."

अक्षरं हलत होती. एक डोळा झाकून वाचलं. तोंडावर सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिणग्या. यांपैकी काहीही झाल्यास गर्भिणीस गाडीत निजवून त्याच दिवशी दवाखान्यात आणावे.

मी खरं वाचते की मनचं सांगते, हे तपासायला घरात कोणी नव्हतं. तरी आत्यांनी विचारलं नाही. "टांगा आन," एवढंच लेकाला म्हणाल्या. सुईण काहीतरी बोलायला गेली, तर तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

वाटेत प्रत्येक हादऱ्याला माझा हात पोटावर जायचा. ते जाडं पुस्तक डोक्यातून काही जात नव्हतं. दवाखान्यात मला अंधाऱ्या खोलीत निजवलं, मीठ तोडलं. तिथल्या डॉक्टरीणबाई यांना म्हणाल्या, आणखी एक दिवस घरी ठेवली असती तर दोघंही हाती लागली नसती. आठव्या दिवशी मुलगी झाली. मूठभर होती, पण रडली.

घरी आले तर आत्या मागाशी बसलेल्या. कापलेला एकेक धागा चिमटीत धरून सांधत होत्या. मी गेल्यापासून त्या तेच करत होत्या, आणि निम्मं काम अजून राहिलं होतं. मी मुलीला घेऊन शेजारी बसले. त्यांनी मान वर केली नाही.

"पयल्या बाळाच्या टायमाला," त्या म्हणाल्या, "पाय सुजल्याचं तू सांगटलीस. डोकं बी दुखत हुतं काय गं तवा?"

इतकी वर्षं मला त्यांना हेच सुनवायचं होतं, की तुम्ही ऐकलं असतं तर ते बाळ वाचलं असतं. पण तेव्हा डोकं दुखत होतं, आणि मी रागाने तोंड मिटून बसले होते, हेही त्यात आलंच.

"न्हाय आत्या," मी म्हणाले. "डोकं न्हवतं दुखत."

 त्यांनी पुढचा धागा उचलला. मी मुलीला मांडीवर निजवलं आणि दुसऱ्या बाजूने सांधायला लागले.