आपांचे जांभळे पापुद्रे

बोलता बोलता आपा थांबायच्या आणि भट्टीकडे बघत राहायच्या. काही विचारलं तर म्हणायच्या, "थांब बेटा. आत स्फटिक वाढून राहिला." बाहेरून काहीच दिसायचं नाही. आपांना मात्र दिसत असावं.

अमरावतीला मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. त्या अचलपूरच्या, रोज एसटीनं यायच्या. आमचा विषय क्रोमियम क्लोराइड. बंद नळीत त्याची भुकटी तापवली की वाफ होते आणि नळीच्या थंड टोकाला अभ्रकासारखे जांभळे पापुद्रे धरतात. प्रत्येक क्रोमियमभोवती सहा क्लोरीन, असे थरावर थर. थराच्या आत पकड घट्ट. दोन थरांमध्ये अगदी सैल. चिकटपट्टी लावून ओढली तरी थर सुटतो. तो सोडवताना आपा इतक्या हलक्या हातानं ओढायच्या, जणू झोपलेल्या लेकराचं पांघरूण काढताहेत.

दुसऱ्या वर्षी माझ्या नळ्या एकामागून एक तडकल्या. तिवशाला बाबांनी स्थळ पाहिलं होतं. "बस झालं आता, घरी ये," ते म्हणाले. शेवटची नळी भट्टीतच सोडून मी घरी निघून आले.

रविवारी आपा आमच्या दारात. त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली नळी काढली.

"फुटली नाही," एवढंच मला म्हणाल्या आणि ती बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती उन्हात धरली. आतले पापुद्रे झगमगले.

"हे आमच्या पोरीनं केलं?"

"तिनंच, भाऊ. मी फक्त भट्टी बंद केली."

"चमकते काहून पण?"

आपा बाजेवर बसल्या. तळहातावर तळहात ठेवून थर कसे रचले जातात ते सांगत राहिल्या. चहा निवून गेला. त्या निघाल्या तेव्हा बाबा म्हणाले, "उद्या पाठवतो तिले. पाहुण्यायले मी सांगतो काय ते."

आपा निवृत्त झाल्या त्या दिवशीही माझी एक नळी भट्टीत होती. त्यांची एसटीची वेळ झाली. "नळी निघाली का फोन करजो," म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी नळी काढली. आत नखाएवढा, अखंड पापुद्रा! मी लगेच फोन लावला.

"आपा, फोटो पाठवते."

"फोटो नको. तू सांग. रंग कसा आला?"

मी नळी खिडकीशी नेली. "कडेला लालसर आहे, आपा. मधे गर्द जांभळा..."

"सावकाश, बेटा," त्या म्हणाल्या. "सावकाश सांग."