पेन्सिलीनं लिहिलेलं ‘जेन्युइनली’

आमच्या शाळेचे शिपाई गणपतमामा उद्या निवृत्त होताहेत. त्यांना द्यायचं इंग्रजी पत्र जोशीबाईंनी सुंदर अक्षरात लिहून मुख्याध्यापक म्हणून माझ्यापुढे सहीला ठेवलं. ‘तुमच्या कामावर आम्ही समाधानी आहोत’ अशा अर्थाच्या वाक्यात एक शब्द पेन्सिलीनं, फिकट लिहिला होता : ‘जेन्युइनली’, म्हणजे मनापासून.

“हा पेन्सिलीनं का?”

“सर, तुम्ही असले शब्द खोडताच. म्हटलं, रबरानं निघेल. पुन्हा अख्खं पान लिहायला नको.”

मला हसू आलं आणि लाजही वाटली. इंग्रजी कसं आटोपशीर हवं, असं म्हणत मी वर्षानुवर्षं लोकांच्या पत्रांतून ‘मनापासून’ खोडत आलो. किती चांगली माणसं माझ्या हातून नुसतं ‘समाधानकारक’ घेऊन घरी गेली! त्यांचं काम मला खरोखर आवडलं होतं, हे त्यांना कळलंच नाही.

मी पेन उघडलं आणि त्या फिकट अक्षरांवरून सावकाश शाई फिरवली. फार दिवसांनी काहीतरी खरं लिहितोय असं वाटलं. बाई वाकून बघत होत्या.

“सर, ‘डीपली’, म्हणजे अगदी आतून, हेसुद्धा मनात होतं. पण धाडस झालं नाही.”

“लिहा की. शाईनंच लिहा.”